आरोग्यातली दरी, सरकारी धोरणं आणि बातम्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी बातम्या लिहिल्या, दुसऱ्यांच्या तपासल्या आणि रात्री उशिरा त्यांना मथळे दिले. आरोग्य विषमतेवरच्या बातम्यांबद्दल वाचक आणि नवे बातमीदार जे विचारतात, त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांत माहिती आहे आणि माझी मतंही आहेत. मत जिथे आहे, तिथे ते लपवलेलं नाही.

आरोग्य विषमता म्हणजे नेमकं काय? गरीब माणसं जास्त आजारी पडतात, एवढंच ना?

कोण किती जगतं आणि त्यातली किती वर्षं धडधाकट जगतं, हे जेव्हा उत्पन्न, शिक्षण, कामाचं स्वरूप, वस्ती, वंश किंवा बाई-पुरुष असण्यावर ठरतं, तेव्हा त्या फरकाला आरोग्य विषमता म्हणतात. सगळेच फरक यात बसत नाहीत. ऐंशीतला माणूस विशीतल्यापेक्षा जास्त आजारी पडतो, ती विषमता नाही. ब्रिटिश संशोधक मार्गारेट व्हाइटहेड यांनी १९९० च्या सुमारास केलेली मांडणी अजून कामाला येते: जो फरक टाळता आला असता आणि जो अन्याय्य आहे, तो.

आता 'गरीब जास्त आजारी पडतात' याबद्दल. ते खरं आहे, पण अपुरं आहे. लंडनमधल्या सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. त्यात सुमारे १७,५०० पुरुष होते. सगळे पगारदार, सरकारी कचेऱ्यांत काम करणारे, एकाच शहरातले. तरीही सगळ्यात खालच्या श्रेणीतल्यांचा मृत्युदर सगळ्यात वरच्या श्रेणीच्या साधारण तिप्पट निघाला. मधल्या श्रेणी पायरीपायरीने मधे. धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही फरकाचा मोठा भाग शिल्लक राहिला. म्हणजे हा प्रश्न समाजाच्या तळाशी असलेल्या एका गटाचा नाही. वरून खालपर्यंत उतार आहे आणि बातमी वाचणाराही त्या उतारावर कुठेतरी उभा आहे. बातम्यांत हा उतार क्वचित येतो. बहुतेक वेळा फक्त तळ दाखवतात, आणि मग मधल्या पायरीवरच्या वाचकाला वाटतं की हे आपल्याबद्दल नाही.

आरोग्याच्या बातम्या तर रोज असतात. मग माध्यमांबद्दल तक्रार कसली?

रोज असतात, पण कशाच्या? रुग्णालयातल्या खाटा, डॉक्टरांचा संप, नवं औषध, नवं यंत्र, साथीचे आकडे. कॅनडातल्या संशोधकांनी तिथल्या १३ दैनिकांमधल्या ४,७३२ आरोग्यविषयक बातम्या तपासल्या. २००७ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. बहुसंख्य बातम्या उपचारसेवेच्या होत्या. माणसाचं उत्पन्न, काम, घर, शिक्षण यांचा आरोग्याशी असलेला संबंध दहातल्या एका बातमीचाही विषय नव्हता.

यात कोणाचं कारस्थान नाही. रुग्णालय ही एक जागा आहे. तिथे बातमीदार पाठवता येतो, फोटो मिळतो, बोलायला प्रवक्ता असतो. घरातली ओल, रात्रपाळी, दोन तास उभ्याने केलेला प्रवास, भाडं भरून उरलेल्या पैशात भागवलेला महिना, यातून वीस वर्षांनी येणाऱ्या हृदयविकाराला घटनास्थळच नसतं. बातमीचा साचा घटनेसाठी घडला आहे आणि विषमता घडते हळूहळू.

त्याचा परिणाम धोरणाच्या बातमीवर होतो. सरकारने घरबांधणीचं अनुदान कापलं तर ती बातमी अर्थखात्याच्या पानावर जाते आणि रुग्णालयाला नवी इमारत दिली तर आरोग्याच्या. पहिल्या निर्णयाचा लोकांच्या तब्येतीवर परिणाम मोठा असू शकतो, पण आरोग्याचा बातमीदार तिकडे फिरकत नाही, कारण ती त्याची बीट, म्हणजे नेमून दिलेला विषय, नाही. फिनलंडने २००६ मध्ये युरोपीय संघाचं अध्यक्षपद असताना 'सर्व धोरणांत आरोग्य' हा विचार पुढे रेटला. सरकारं तो कागदावर तरी मानू लागली. वृत्तपत्रांच्या कार्यालयात बीटांच्या भिंती आहेत तिथेच आहेत.

मोठा अहवाल येतो, दोन दिवस गाजतो आणि गायब होतो. असं का?

कधीकधी दोन दिवसही गाजत नाही. या विषयाच्या इतिहासातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ब्रिटनचं आहे, आणि ते जरा सविस्तर सांगण्यासारखं आहे.

१९७७ मध्ये तिथल्या मजूर पक्षाच्या सरकारचे आरोग्यमंत्री डेव्हिड एनल्स यांनी सर डग्लस ब्लॅक यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. प्रश्न असा होता की सगळ्यांना मोफत उपचार देणारी राष्ट्रीय आरोग्य सेवा तीस वर्षं चालूनही वर्गावर्गांतल्या मृत्युदरातला फरक का मिटत नाही? समितीने १९८० मध्ये अहवाल दिला, तोवर सरकार बदललं होतं. समितीचं म्हणणं होतं की फरकाचं मूळ मुख्यतः रुग्णालयाबाहेर आहे: उत्पन्न, घर, काम, बालपण. शिफारशीही त्याच दिशेच्या होत्या आणि महागड्या होत्या.

नव्या सरकारने अहवाल दाबला नाही. तसं केलं असतं तर तीच बातमी झाली असती. ऑगस्टमधल्या बँक हॉलिडेच्या आठवड्यात, अर्धा देश सुट्टीवर असताना, टंकलिखित अहवालाच्या अवघ्या २६० प्रती काढल्या. मंत्री पॅट्रिक जेंकिन यांनी प्रस्तावनेत लिहिलं की यासाठी वर्षाला दोन अब्ज पौंडांहून जास्त लागतील आणि ते वास्तवाला धरून नाही. अहवाल उघडण्याआधीच त्याचा निकाल लागला होता. प्रसिद्धीची वेळ, प्रतींची संख्या आणि प्रस्तावना, एवढ्या तीन गोष्टींत बातमीचा आकार ठरला.

पुढे उलटंच झालं. इतक्या चोरून काढलेल्या अहवालाबद्दल कुतूहल वाढलं, वैद्यकीय नियतकालिकांनी तो उचलून धरला आणि १९८२ मध्ये तो पुस्तकरूपात सामान्य वाचकाच्या हाती आला. १९८७ मध्ये याच मालिकेतला पुढचा अहवाल, 'द हेल्थ डिव्हाइड', आरोग्य शिक्षण परिषद प्रसिद्ध करणार होती. जमलेल्या बातमीदारांना ऐनवेळी सांगितलं गेलं की पत्रकार परिषद रद्द. लेखिका आणि तज्ज्ञ जवळच्याच दुसऱ्या जागी गेले, बातमीदार त्यांच्या मागे गेले आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या तक्त्यांचा तो अहवाल ठळक मथळ्यांत होता.

मला यातली एक गोष्ट खटकत राहते. १९८७ मध्ये बातमी झाली ती रद्द झालेल्या पत्रकार परिषदेची. गरिबांच्या मुलांचे मृत्यू त्याआधीही तक्त्यात होते, पण तेवढ्याने मथळा झाला नव्हता.

सरकार म्हणतं दरी कमी झाली, विरोधक म्हणतात वाढली. खोटं कोण बोलतं?

अनेकदा कोणीच नाही. समजण्यापुरतं एक कल्पित उदाहरण घेऊ. सुस्थितीतल्या गटात दर हजार जन्मांमागे २० बालमृत्यू होते, ते १० झाले. गरीब गटात ६० होते, ते ४० झाले. दोन्हीकडे सुधारणा. आता फरक काढा: आधी ६० वजा २०, म्हणजे ४०, आता ४० वजा १०, म्हणजे ३०. दरी घटली. पण पट काढा: आधी गरीब गटात तिप्पट मृत्यू होत होते, आता चौपट. दरी वाढली.

मंत्री पहिला हिशेब वाचून दाखवतात, विरोधी पक्ष दुसरा. बातमीदार दोघांची विधानं समोरासमोर ठेवतो, 'आरोप-प्रत्यारोप' असा मथळा देतो आणि वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. खरी बातमीदारी इथे चार ओळींची आहे: दोन्ही हिशेब छापा, मूळचे चारही आकडे द्या आणि सांगा की दोन्ही बरोबर आहेत. इतकी सोपी गोष्ट इतक्या क्वचित का होते, याचं माझ्याकडे एकच उत्तर आहे: भांडणाची बातमी फोनवर होते, आकड्यांसाठी तक्ता उघडावा लागतो.

सरासरी आयुर्मान वाढलं, तर ती चांगलीच बातमी नाही का?

चांगली आहे, पण कोणासाठी ते विचारायला हवं.

माझ्या डेस्कवरच्या दिवसांतली एक संध्याकाळ सांगते. एक वार्षिक आरोग्य अहवाल आला होता. दोनशेच्या आसपास पानं, सोबत दोन पानांची प्रेसनोट. प्रेसनोटचं पहिलंच वाक्य, सरासरी आयुर्मान वाढलं. मथळा आयताच हातात. साडेआठला पान छपाईला सोडायचं होतं. सवयीने मी मागून वाचायला लागले, परिशिष्टापासून. एका तक्त्यात लोकसंख्येचे उत्पन्नानुसार पाच गट पाडले होते. वरच्या चार ओळींत आकडा वर गेलेला. पाचव्या ओळीत, सगळ्यात गरीब गटातल्या बायकांचा आकडा, आधीच्या अहवालापेक्षा किंचित खाली. त्या ओळीबद्दल प्रेसनोटमध्ये अवाक्षर नव्हतं.

मी संबंधित कार्यालयात फोन केला. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "ते टेबल टेक्निकल आहे, त्यावर नंतर सविस्तर बोलू. आज प्रेसनोटप्रमाणे जाऊ द्या." बातमी गेली. ती ओळ मी सहाव्या परिच्छेदात कशीबशी बसवली. मथळा सरासरीचाच राहिला. 'नंतर सविस्तर' कधी आलं नाही, आणि त्या ओळीबद्दल एकाही वाचकाने पत्र लिहिलं नाही, कारण सहाव्या परिच्छेदापर्यंत कोण जातं? अहवालाचं ते पान पुढे कितीतरी दिवस माझ्या खणात होतं.

सरासरी वर जात असताना तळ खचू शकतो. म्हणून कुठल्याही सरासरीच्या मथळ्याखाली पहिला प्रश्न हाच: गटवार आकडे कुठे आहेत? इंग्लंडमध्ये साथरोगतज्ज्ञ मायकल मार्मट यांच्या २०१० च्या अहवालाने हे फार नेमकं मांडलं. सगळ्यात गरीब वस्त्यांतली माणसं सगळ्यात श्रीमंत वस्त्यांतल्यांपेक्षा सरासरी ७ वर्षं आधी मरतात, आणि अपंगत्वाविना जगलेल्या वर्षांमधला फरक तर १७ वर्षांचा. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कळतं, गरीब माणूस लवकर मरतो आणि मरण्याआधीची जास्त वर्षं आजारात काढतो. दुसरा आकडा बातम्यांत नेहमी मागे पडतो. माझ्या मते तोच आधी यायला हवा, कारण निवृत्तीचं वय वाढवण्यासारख्या धोरणांचा थेट संबंध त्याच्याशी आहे.

'या वस्तीतले लोक त्या वस्तीपेक्षा २८ वर्षं कमी जगतात', अशा मथळ्यांवर विश्वास ठेवावा का?

ठेवावा, पण खालची तळटीप वाचून. हा मथळा स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २००८ मध्ये दिलेलं उदाहरण: कॅल्टन भागात पुरुषांचं आयुर्मान ५४, जवळच्या लेन्झीत ८२. आकडा जगभर फिरला आणि त्याने सामाजिक विषमतेकडे लक्ष वेधलं, हे मोलाचंच काम झालं. पण भाग लहान असला की थोड्याशा मृत्यूंनीही आकडा हलतो, आणि कॅल्टनमध्ये बेघर पुरुषांची वसतिगृहं मोठ्या संख्येने होती. तिथे मरणारे अनेकजण तिथे जन्मलेले नव्हते. म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. बेघर माणसांचं एवढं कमी जगणं हीच मुळात बातमी आहे. फक्त 'इथलं पाणीच तसं' असा अर्थ काढायला नको.

एका कुटुंबाची कहाणी सांगितली तर लोक हळहळतात. मग तसंच लिहावं, नाही का?

मीही वर्षानुवर्षं तेच शिकवत आले: माणसापासून सुरुवात करा. आता तेवढ्यावर थांबत नाही.

राज्यशास्त्रज्ञ शांतो अय्यंगार यांनी १९९१ मध्ये दूरचित्रवाणीच्या बातम्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. गरिबीची बातमी एखाद्या माणसाच्या कहाणीतून दाखवली की प्रेक्षक त्या माणसालाच जबाबदार धरण्याकडे झुकतात. तीच गरिबी आकडे, कारणं आणि धोरणासह दाखवली की जबाबदारी समाजाकडे आणि सरकारकडे जाते. म्हणजे कळवळ्याने लिहिलेली कहाणी वाचून झाल्यावर वाचकाच्या मनात येतं, 'तिने आधीच तपासणी का करून घेतली नाही?'

उपाय कहाणी टाकून देण्यात नाही. कहाणीतली प्रत्येक अडचण कुठल्यातरी निर्णयाला जोडा. तपासणी केंद्र सकाळी दहा ते चार उघडं असतं आणि तिची पाळी आठ ते सहा आहे, हे लिहा. रजा घेतली तर दिवसाचा पगार कापला जातो, हे लिहा. केंद्राची वेळ कोणी ठरवली आणि ती बदलायचा प्रस्ताव कुठल्या टेबलावर पडून आहे, हेही. मग वाचक 'तिने का नाही केलं' असं विचारत नाही, वेळ कोण बदलणार ते विचारतो.

सामाजिक कारणं स्पष्ट लिहिली तर सगळ्या वाचकांना पटतात का?

नाही. हे कटू आहे, पण माहीत असायला हवं. अमेरिकेत सारा गोलस्ट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मधुमेहाची बातमी वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या कारणांसह दिली. परिसर आणि परिस्थिती हे कारण दिल्यावर डेमोक्रॅट वाचकांचा सरकारी उपाययोजनांना पाठिंबा वाढला, रिपब्लिकन वाचकांचा वाढला नाही. एकच बातमी वाचून दोन गट एकमेकांपासून आणखी दूर गेले.

यावरून काहीजण म्हणतात, मग कारणं लिहायचीच कशाला. मला ते मान्य नाही. वाचकाला पटेल तेवढंच छापायचं ठरवलं तर बातमी आणि जाहिरात यांत फरक काय राहिला? पण शब्द निवडताना हे लक्षात ठेवते. 'व्यवस्थेचा बळी' असं लिहिण्यापेक्षा केंद्राची वेळ, बसचं अंतर, कापलेला पगार लिहिला तर दोन्ही बाजूंचा वाचक निदान वाचत राहतो.

सरकारी योजना शेवटी 'व्यायाम करा, कमी खा' यावर का येऊन थांबतात?

संशोधक याला 'जीवनशैलीकडे घसरण' म्हणतात. धोरणाच्या पहिल्या पानावर उत्पन्न, घर, रोजगार असतो. शेवटच्या पानावर, जिथे पैशांची तरतूद असते, तिथे जनजागृतीची पत्रकं असतात. पत्रकं स्वस्त पडतात, लवकर दिसतात आणि कोणाच्या हितसंबंधांना धक्का लावत नाहीत.

बातमीदार ही घसरण पकडू शकतो, कारण दोन्ही पानं त्याच्या हातात असतात. पण होतं असं की पहिल्या पानावरून बातमी लिहिली जाते आणि शेवटच्या पानावरून पुरवणीतला 'निरोगी राहण्याचे दहा उपाय'. १९९९ मध्ये इंग्लंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी असेच दहा उपाय जाहीर केले. पहिला धूम्रपानाबद्दल: करू नका, जमलं तर सोडा, नाहीच जमलं तर कमी करा. ब्रिस्टल विद्यापीठाच्या डेव्हिड गॉर्डन यांनी त्याच चालीवर दुसरी यादी केली. तिची सुरुवात होती: गरीब राहू नका, जमलं तर गरिबी सोडा, नाहीच जमलं तर फार काळ गरीब राहू नका. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की पहिल्या यादीत काय गृहीत धरलंय ते दिसतं. मी नव्या बातमीदारांना त्या दोन्ही वाचायला देते.

कर लावून आरोग्य सुधारायचं म्हटलं की 'गरिबांवर बोजा' असे मथळे येतात. ते बरोबर आहेत का?

अर्धे. मेक्सिकोने जानेवारी २०१४ पासून साखरयुक्त पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला. गरीब कुटुंबाच्या उत्पन्नातला मोठा हिस्सा अशा करात जातो, हा आक्षेप खरा आहे. पण वर्षअखेरीस या पेयांची खरेदी अपेक्षेपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी कमी होती, आणि गरीब कुटुंबांत १७ टक्क्यांनी. म्हणजे आरोग्याचा फायदाही त्यांनाच जास्त होण्याची शक्यता. बातमीत दोन्ही यायला हवं, आणि तिसरी गोष्टही: गोळा झालेला पैसा कुठे गेला? तो गरीब वस्त्यांतल्या पिण्याच्या पाण्यावर खर्च झाला तर हिशेब एक, तिजोरीत मिसळला तर दुसरा. तिसऱ्या प्रश्नाचा पाठपुरावा मी फार थोड्या बातम्यांत पाहिला आहे.

धोरण फसलं की यशस्वी झालं, हे बातम्यांतून कळतं का?

क्वचित, कारण वेळ जुळत नाही. इंग्लंडने २००१ मध्ये उद्दिष्ट जाहीर केलं की आयुर्मान आणि बालमृत्यू यांतली दरी २०१० पर्यंत १० टक्क्यांनी कमी करायची. राष्ट्रीय पातळीवर असं मोजता येईल असं वचन देणं धाडसाचं होतं. २०१० जवळ आलं तेव्हा आयुर्मानातली दरी ठरवलेल्या मापाने वाढलेली दिसली. अपयश, असा शिक्का बसला. सरकार बदललं, या उद्दिष्टासाठीची मोहीम संपली.

मग २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिव्हरपूलच्या संशोधकांचा अभ्यास आला. त्यांनी मोहिमेआधीचा, मोहिमेतला आणि नंतरचा काळ वेगवेगळा तपासला. सगळ्यात वंचित भाग आणि बाकीचा देश यांच्या आयुर्मानातली दरी मोहिमेआधी वाढत होती, मोहिमेच्या काळात कमी झाली, आणि मोहीम संपल्यावर पुन्हा वाढू लागली. धोरणाचा परिणाम दिसायला वर्षं लागली आणि तो दिसला तेव्हा धोरण उरलंच नव्हतं. 'अपयश'चा मथळा ज्या आकाराचा होता, त्या आकाराचा मथळा या अभ्यासाला मिळाला नाही.

आरोग्यातली दरी पाच वर्षांच्या सरकारी मुदतीत मिटत नाही, आणि बातमीला तर पाच वर्षंही थांबता येत नाही. निकालाची घाई करण्याऐवजी 'अजून कळायला वेळ आहे, मधल्या खुणा या आहेत' असं लिहिता येतं. कंटाळवाणं वाटतं, पण प्रामाणिक आहे.

अशा बातम्या पहिल्यांदा कोण बाहेर काढतं?

बहुतेक वेळा तिथे राहणारी माणसं, आणि त्यांचं ऐकून घेणारा स्थानिक बातमीदार. अमेरिकेतल्या फ्लिंट शहराचं पाणी एप्रिल २०१४ मध्ये बदललं, खर्च वाचवायला नदीचं पाणी देऊ लागले. रहिवासी लगेच बाटल्यांत तांबूस पाणी भरून सभांना जाऊ लागले. स्थानिक माध्यमांनी ते छापलं, दाखवलं. अधिकारी सांगत राहिले की पाणी सुरक्षित आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अतिशा यांनी मुलांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे पत्रकार परिषदेत मांडले, तेव्हाही आधी त्यांनाच चुकीचं ठरवण्याचा प्रयत्न झाला. राज्य आणि केंद्र सरकारने आणीबाणी जाहीर केली जानेवारी २०१६ मध्ये. देशभरातल्या कॅमेऱ्यांची गर्दी झाली तीही तेव्हाच, म्हणजे एकवीस महिन्यांनी.

फ्लिंटमधली बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीय आणि बरीचशी गरीब. हेच पाणी एखाद्या श्रीमंत उपनगरात आलं असतं तर एकवीस महिने लागले असते का?

सरकारने अहवालातला भाग वगळला तर बातमीदाराला कळणार कसं?

ज्यांनी त्यासाठी माहिती दिली, त्यांना विचारून. कोविडच्या काळात इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने २ जून २०२० ला वांशिक आणि इतर गटांतल्या मृत्यूंच्या फरकावर अहवाल काढला. आकडे होते, शिफारशी नव्हत्या. ज्या संघटनांनी निवेदनं दिली होती, त्यांना आपलं म्हणणं त्यात दिसेना. 'हेल्थ सर्व्हिस जर्नल'ने हे छापलं, गदारोळ झाला आणि १६ जूनला दुसरा अहवाल आला. त्यात चार हजारांहून जास्त लोकांशी झालेल्या चर्चेचा सारांश आणि शिफारशी होत्या. अहवाल हातात आल्यावर मंत्र्यांना फोन करण्याआधी साक्ष देणाऱ्यांना फोन करावा, तो यासाठी.

फोटो आणि शब्दांबद्दल काही नियम?

माझा एकच आग्रह आहे. ज्या माणसाचा फोटो छापाल, तो त्याच्या मुलांनी पाहिला तर त्यांना कसं वाटेल, हे छापण्याआधी स्वतःला विचारा. 'अज्ञान', 'अंधश्रद्धा', 'निष्काळजी' हे शब्द कारण म्हणून लिहिण्याआधी आरोग्य केंद्र किती लांब आहे ते मोजून पाहा.

मी साधा वाचक आहे. मी काय करू शकतो?

बातमी वाचताना मनात चार गोष्टी विचारा: फरक कोणाकोणामधला, कधीपासून मोजलेला, वजाबाकीने की पटीने, आणि जाहीर झालेला पैसा नवा आहे की जुन्याच योजनेचं नाव बदललंय. उत्तर बातमीत नसेल तर बातमीदाराला लिहा. रागाने नको, नेमकं लिहा. वाचकाचं एक नेमकं पत्र संपादकीय बैठकीत किती वजन टाकतं, हे मी पाहिलेलं आहे. पाचव्या ओळीबद्दल त्या वेळी एक जरी पत्र आलं असतं, तरी पुढच्या वर्षी मला मथळ्यासाठी भांडता आलं असतं.

मी छोट्या वृत्तपत्रात आहे. आरोग्याची वेगळी बीट नाही, डेटा टीम नाही. हे सगळं मला कसं जमणार?

एक वही करा. दर घोषणेला एक पान. वर तारीख, खाली घोषणा जशीच्या तशी, ती कुठल्या गटासाठी आहे, किती रक्कम आणि किती मुदत. खाली मोकळी जागा सोडा. मुदत संपते त्या तारखेची नोंद कॅलेंडरवर करा. त्या दिवशी घटना काही घडलेली नसेल, पण तुमच्याकडे बातमी असेल. मोठ्या डेटा टीमलाही इतकं सातत्य क्वचित जमतं, आणि अधिकाऱ्यांना ही वही माहीत झाली की ते फोनवर सावधपणे बोलू लागतात, हा माझा अनुभव आहे.

पहिला फोन लावाल तेव्हा प्रश्न साधा ठेवा: मागच्या वर्षी जाहीर केलेल्यातलं सगळ्यात गरीब गटापर्यंत किती पोचलं, आणि ते कुठल्या तक्त्यात दिसेल? समोरचा म्हणेल की तसा तक्ता आम्ही ठेवत नाही. ते उत्तर वहीत लिहून घ्या आणि छापा.